डिसेंबरअखेर काटोल, भिवापूर, पारशिवनी: चार दिवसांत तीन घरं जमतील का?

हडपसरचा_नागपूरकर
नमस्कार मंडळी. मूळचा महालातला, नोकरीपायी पुण्यात. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पोरांना सुट्टी आहे, म्हणून आईला घेऊन नागपूरला येतोय. आई शहात्तरची. यंदा सगळ्यांना भेटायचं असं तिनं दिवाळीपासून धरून ठेवलंय. सगळे म्हणजे काटोल तालुक्यातले मामा, भिवापूरच्या पुढे मावशी आणि पारशिवनीजवळ माझा कॉलेजचा मित्र. त्यानं नोकरी सोडली, आता वावर करतो.

उतरणार भावाकडे, गाडी त्याचीच. एक दिवस काटोल, एक दिवस भिवापूर, एक दिवस पारशिवनी, रोज रात्री नागपुरात परत, असा बेत आहे. चौथा दिवस आरामाला. पोरं सहा आणि दहा वर्षांची, थंडी म्हणजे काय ते त्यांना नीट माहीत नाही. कपडे काय घ्यावेत, रस्ते कसे आहेत, घरी काय न्यावं? हुरडा मिळेल का, हे पोरांच्या आईनं विचारायला सांगितलंय.

पऱ्हाटी
जमते की. काटोल साठेक किलोमीटर, पारशिवनी त्याहून जवळ, भिवापूर थोडं लांब. पण तिन्हीकडून रोज रात्री परत काऊन येता? नागपुरात कोणाची ड्युटी आहे का?

आंबिया_बहार
मी काटोलकडचाच. मामांची बाग असेल तर एक सांगून ठेवतो. तुमी या दिवसात याल तवा मामा रिकामे असतील असं समजू नका. आंबियाचा, म्हणजे हिवाळ्यात फुललेल्या बहाराचा संत्रा डिसेंबरअखेर बहुतेक उतरलेला असते. मग बागेला ताण द्याचा असते, म्हणजे पाणी तोडाचं. झाडाले चांगला ताण बसला तर जानेवारी-फेब्रुवारीत फूल धरते. ताण कमी पडला तर फूल कमी, जास्त झाला तर झाड जाते. रोज बागेत जाऊन पान पाहावं लागते, माती हातात घेऊन पाहावी लागते. ज्यानं मृग, म्हणजे पावसाळी बहार धरला त्याचं फळ तवा झाडावरच असते, अन् व्यापारी बाग पाहाले येऊन रायले असतात. सौदा ज्या दिवशी ठरते त्या दिवशी पाहुण्यापाशी कोणी बसत नाई.

वरून कापसाची वेचणी चालू. तुरीच्या शेंगा भरत आलेल्या. धुई (धुकं) पडली तर तुरीचं काय होते या काळजीत माणूस पहाटे पाच वाजता आभाळ पाहात उभा राहते.

म्हणून म्हणतो, दुपारी बारा ते चार असं पाहुणपण काही कामाचं नाई. मामा त्या वेळी वावरातच राहतील. संध्याकाळी जा, रात्री थांबा, सकाळी त्याइच्याच मागे वावरात जा. पोराइले शेंगा तिथेच खाऊ द्या.

अन् हो, काटोलले संत्रा बर्फी नेऊ नका. लोक नेतात, म्हणून सांगून रायलो.

हवामान_वेडा
थंडीबद्दल. नागपूरची थंडी पुण्यापेक्षा फार वेगळी नाही असं समजून लोक येतात आणि फसतात, कारण दुपारी ते बरोबर असतात. डिसेंबर-जानेवारीत दुपार सत्तावीस-अठ्ठावीस अंशांची, स्वेटर नकोसा होतो. सूर्य मावळला की तासाभरात चित्र बदलतं. रात्री साधारण बारा-तेरापर्यंत उतरणं नेहमीचं. उत्तरेकडून कोरडं वारं सुटलं की आठ-नऊ. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात ३.५ अंश नोंदले गेले होते. त्याआधीचा नीचांक ३.९ होता, १९३७ सालचा.

हे आकडे शहरातले. गावात, तेही नुकतं पाणी दिलेल्या हरभऱ्याच्या नाहीतर गव्हाच्या शेताशेजारी, पहाट आणखी दोन-तीन अंशांनी गार लागते. मोकळं आभाळ असलं की जमिनीची उष्णता सरळ वर निघून जाते, ती साठवून ठेवायला काँक्रीट नसतं. म्हणून एक जाड जॅकेट नको, तीन पातळ थर घ्या. कानटोपी आणि मोजे सगळ्यांना. आईंना पायमोजे रात्री झोपतानाही.

आभाळ आलं तर थंडी कमी होईल, पण गावात कोणाचाच चेहरा खुलणार नाही. या दिवसांत विदर्भात अवकाळी आणि गारपीट होते. अशा दिवशी "वा, छान गारवा आहे" असं म्हणू नका.

पऱ्हाटी
शेवटचं वाक्य फ्रेम करून लावा.

लालपरी_भक्त
मला या धाग्यात एक गोष्ट बोलायची आहे, थोडं विषयांतर होईल.

पूर्वी गावाला जाणं म्हणजे मुक्काम असाच अर्थ होता. कोणी फार प्रेमळ होतं म्हणून नाही, परतीची बसच नव्हती! संध्याकाळची गाडी गावात मुक्कामी यायची, ड्रायव्हर-कंडक्टर शाळेच्या नाहीतर ग्रामपंचायतीच्या ओट्यावर झोपायचे आणि पहाटे तीच गाडी परत निघायची. तुम्ही दुपारी पोहोचलात की दुसऱ्या दिवसापर्यंत अडकलात. त्या अडकण्यातच सगळं व्हायचं. कोणाचं लग्न कुठे ठरतंय, कोणी वाटणी मागितली, कोणाच्या बैलाला काय झालं, कोण कोणाशी बोलत नाही. हे पहिल्या दोन तासांत कोणी सांगत नाही. जेवणं झाल्यावर शेकोटीपाशी बाहेर पडतं.

आता गाडी दारात उभी असते. चहा, फोटो, ओटी, वानोळा डिकीत, चला. समृद्धी महामार्ग झाल्यापासून तर माझ्या चुलतभावाला संभाजीनगरहून येऊन त्याच दिवशी परत जाण्याचा अभिमान वाटतो. आजीला भेटून आलो म्हणतो. आजीला विचारलं तर ती म्हणते, "आला होता म्हणे."

दुसरी बाजूही सांगतो. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, आणि आमच्याकडच्या माहेरवाशिणींच्या फेऱ्या डोळ्यांदेखत वाढल्या. आधी "बघू, ह्यांना विचारते" होतं, आता "उद्या येते" असतं. पंच्याहत्तर पूर्ण झालेल्यांना तर एसटी फुकट आहे, २०२२ च्या ऑगस्टपासून. धागाकर्त्याच्या आईंना वयाचा पुरावा असलेलं ओळखपत्र सोबत ठेवलं की तिकीटच नाही. गणेशपेठहून काटोलची बस पकडा, पोरांनाही खिडकी मिळेल. गाडी मागून येऊ द्या हवी तर.

हडपसरचा_नागपूरकर
आईला हे वाचून दाखवलं. फुकट तिकिटाचं ऐकून ती म्हणाली, मग मी एकटीच जाते, तुम्ही मागून या.

मुक्कामाचं खरं कारण सांगतो. बायको म्हणते, पाच जणांनी कोणाच्या घरी रात्री राहायचं म्हणजे त्यांना त्रास. आणि पोरांना अंघोळीचं, बाथरूमचं जमेल का ही शंका.

झाडीचा_पावना
भिवापूरच्या मावशीचं मी सांगतो, आमचा पट्टा.

नागपूर–नागभीड छोटी गाडी होती तेव्हा उमरेड, भिवापूर सगळं तिच्यावर. २०१९ ला ती ब्रॉडगेजसाठी बंद झाली आणि भार एसटी अन् काळी-पिवळीवर आला. हिवाळ्यात ती गाडी इतकी सावकाश चालायची की धुक्यात गार्ड उतरून पुढे चालतो की काय असं वाटायचं. प्रवासाला वेळ लागायचा, पण म्हातारी माणसं पाय पसरून बसायची.

आता रस्ता. उमरेडपर्यंत काही चिंता नाही. पुढे कऱ्हांडल्याचं जंगल लागतं, वाघाचा मुलूख आहे. दिवसा निवांत जा. अंधार पडल्यावर रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) रस्त्यावर येतात, रोही तर गाडी पाहून पळण्याऐवजी गाडीसमोरच धावते. पहाटे धुकं असतं. म्हणजे "रात्री नागपुरात परत" हा बेत आमच्या बाजूला तरी सोडाच. दुपारी चारच्या आत पोहोचा आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर निघा.

आता मुद्द्याचं. दिवाळीनंतर आमच्याकडे मंडई (गावची जत्रा) अन् झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम असतो, पार होळीपर्यंत. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा हे त्या नाटक कंपन्यांचं माहेर. मावशीच्या आसपास कुठे नाटक आहे का ते विचारा. रात्री दहाच्या पुढे पडदा उघडतो, सकाळ होईपर्यंत चालतं. अंगावर वाकळ घेऊन आख्खं गाव मांडवात. ज्या गावात नाटक, त्या गावात त्या दिवशी घरोघरी पाहुणे. लेकी येतात, जावई येतात, सोयरीक जुळवायला माणसं येतात. पोरगी पाहण्याचा कार्यक्रम नाटकाच्या निमित्तानं परस्पर उरकून घेतलेला मी पाहिला आहे. नाटक पाहायला मिळालं तर तुमच्या चार दिवसांत तेच आठवणीत राहील, पैज लावतो.

भिवापूरहून मिरची नक्की घ्या. भौगोलिक मानांकन आहे तिला. मावशी देईलच, पण थोडी विकतही घ्या, तिच्या डब्यातली संपवू नका.

नरखेडची_सून
मी सगळं वाचून रायले केव्हाची. सगळे पुरुष सांगून रायले मुक्काम करा, मुक्काम करा. बरोबर आहे, करा. पण मुक्काम कोणाच्या जिवावर होते ते कोणी लिहिलं नाई, म्हणून मी लिहिते.

पाच पाहुणे राहिले म्हणजे सून चारला उठते. आधी चूल पेटवून पाण्याचा गुंड चढवते, काऊन का घरचे चार अन् पाहुणे पाच, नऊ अंघोळी. गीझर आहे हो आमच्याकडे, पण हिवाळ्यात सकाळीच लाईन जाते अन् मग चूलच कामी येते. मग चहा. एकाले बिनसाखरेचा, एकाले अद्रकाचा, पोराइले दूध. मग पोहे. मग वेचणीच्या बायाइले हाक द्याची, नाहीतर त्या दुसऱ्याच्या वावरात निघून जातात. मग पाहुण्याइचा स्वयंपाक, अन् त्यातही "रोडगे करा न, आमच्याकडे भेटत नाहीत." रोडगे म्हणजे गोवऱ्या लावा, जाड पीठ मळा, राखेतून काढा, झटका, तुपात चुरा, वांग्याची भाजी वेगळी, वरण वेगळं. खाणाऱ्याले वाटते की हे वावरात आपोआप शिजते.

असं नाई का पाहुणे नको. माह्या सासूले विचाराल तर ती वर्षभर दिवस मोजते, अन् मलेही घरात माणसं असली की बरं वाटते. खरंच वाटते. पाहुण्यानं फक्त एवढं करावं.

कळवून या, अन् किती जण, किती रात्री ते सांगा. "बघू, जमलं तर राहू" असं नको. अंथरूण काढाचं असते, वाकळा उन्हात टाकाच्या असतात. आपले टॉवेल, आपले पांघरूण गाडीत टाका, गाडीले काय वजन होते? आल्यावर बाईमाणसानं सोप्यात फोन घेऊन नाई बसाचं, अन् बाप्यानंही नाई. तुरीच्या शेंगा सोलाले बसा. सोलेभात करायचा म्हटलं तर किलोभर सोले लागतात, एका बाईचे दोन तास जातात. पाच जण बसले तर गप्पात होऊन जाते. पोराइलेही बसवा, अर्धे खातील, खाऊ द्या.

धागाकर्त्याच्या मिसेसले सांगा, त्रास होते का हे विचारत बसू नका. स्वयंपाकघरात येऊन उभ्या राहा. पुढचं आम्ही सांगतो.

अन् बाथरूम सगळीकडे आहे आता. पोराइची फिकर नका करू. दुसऱ्या दिवशी तेच घराकडे याले तयार नसतात.

आंबिया_बहार
दंडवत माय. आमची मंडळी हे वाचून रायली, आता रोडगे विसरा.

महालातले_अण्णा
हे मात्र अति झालं. पाहुण्यानं काम करायचं? आमच्या लहानपणी पाहुणा आला की घरात सण असायचा. कोणी तक्रार करत नव्हतं. आता सगळ्याचा हिशेब. किती जण, किती रात्री, टॉवेल आणा. हॉटेल आहे का?

नरखेडची_सून
अण्णा, तुमच्या लहानपणी कोणी तक्रार करत नव्हतं की तुम्ही स्वयंपाकघरात जात नव्हते?
अन् हॉटेलात कोणी शेंगा सोलाले बसवत नाई. घरचं समजते म्हणून बसवते.

लालपरी_भक्त
अण्णा, मीही जुन्या काळाचं गुणगान केलं आहे, पण यात मी ताईंच्या बाजूनं. त्या काळी घरात चार बायका होत्या, शेजारणी यायच्या, आलेली पाहुणी स्वतः पदर खोचून चुलीपुढे बसायची. माझी आत्या माहेरी आली की पहिल्या तासात तिच्या हातात सूप असायचं. तिला कोणी सांगितलं नव्हतं. मुक्कामात पाहुणा घरचा व्हायचा तो असाच, बसून नाही.

महालातले_अण्णा
सूप आमच्या आईच्याही हातात असायचं. बरं, राहिलं.

रात्रीची_लाईन
पारशिवनीकडचा शेतकरी. तुमचा मित्र ओळखीचा निघेल कदाचित, नाव विचारत नाही.

आमच्या भागात पेंचच्या कालव्यामुळे धान होतो. डिसेंबरअखेर मळणी उरकलेली असते, आणि गहू-हरभऱ्याला पाणी देणं चालू. आता पाण्याचा खेळ असा की शेतीची लाईन एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात माणूस बाराला, एकला वावरात. टॉर्च, काठी, अंगावर घोंगडं, पाय थंड पाण्यात. साप थंडीत कमी, पण डुकरांचा कळप कुठून येईल सांगता येत नाही. जंगल लागून आहे तिथे बिबट्या-वाघाची भीतीही खरीच.

ज्यांनी सौर पंप बसवले ते सुटले, दिवसा पाणी देतात आणि रात्री झोपतात. मी अजून लाईनवरच आहे.

हे का सांगतो? शहरातून मित्र येतात, शेकोटी पेटते, गप्पा रंगतात. साडेअकराला मी घड्याळ पाहतो तर म्हणतात, "अरे बस रे, इतक्या वर्षांनी भेटलो." मला बसावंसं वाटत नाही असं थोडंच आहे! म्हणून मित्राला आधीच विचारा, या आठवड्यात लाईन दिवसाची की रात्रीची. रात्रीची असेल तर संध्याकाळी सहाला शेकोटी लावा, आठला जेवा. नाहीतर त्याच्यासोबत वावरात चला, बांधावर बसून बोला. माझा एक वर्गमित्र असा आला होता. दर थोड्या वेळानं पाणी एका सरीतून दुसरीत वळवायचं आणि मधल्या वेळात बोलायचं. इतक्या वर्षांत तो काय करतो हे मला त्या रात्री कळलं.

शेकोटीचं एक. ओली लाकडं आणि प्लॅस्टिक टाकू नका, धूर म्हाताऱ्यांच्या छातीत जातो. पऱ्हाटी (कपाशीच्या वाळक्या काड्या) आणि तुराटी भर्रकन जळते, उजेड छान, टिकत नाही. बुडाशी एखादं बाभळीचं जाड लाकूड लागतं.

पऱ्हाटी
भर्रकन जळते, टिकत नाही. वैयक्तिक टीका नको.

खाऊगल्ली_सोडून
कोणीच हुरड्याचं उत्तर दिलं नाही म्हणून देते. नागपूर जिल्ह्यात आता ज्वारी फारशी कोणी पेरत नाही. सोयाबीन, कापूस, तूर, संत्रा, धान. ज्वारीला पाखरं लागतात, राखण लागते, माणसं मिळत नाहीत. कडब्याची गरज होती तोवर लोक पेरत होते; बैल कमी झाले, ज्वारीही गेली. कृषी पर्यटनवाले "हुरडा पार्टी" करतात, ती हवी तर वेगळी करा. मामांकडे हुरड्याचा हट्ट धरला तर ते बिचारे कुठून तरी कणसं विकत आणतील.

त्याऐवजी जे आहे ते खा. तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडलेल्या, परातभर. हरभऱ्याच्या कोवळ्या शेंड्यांची भाजी. आंबट असते, पोरांना आवडेलच असं नाही. घाटे धरले असतील तर हुळा (जाळावर भाजलेला ओला हरभरा), पण तो जानेवारीत जास्त खरा. पऱ्हाटीच्या जाळावर भाजलेल्या वांग्याचं भरीत, वर कच्चं तेल आणि हिरवी मिरची. बोरं. गूळ-शेंगदाणे खिशात.

न्यायला काय? पुण्याची बाकरवडी चालते, सगळ्यांना. पण जिथे म्हातारी माणसं आहेत तिथे आधी फोन करून विचारा कोणती औषधं तालुक्याला मिळत नाहीत, ती घेऊन जा. रिचार्ज होणारा टॉर्च द्या. आमच्या काकांना तीन वर्षांपूर्वी दिलेला टॉर्च ते अजून पाहुण्यांना दाखवतात. शाल नका देऊ, प्रत्येक सत्कारात शालच मिळते, ट्रंक भरलेली असते.

झाडीचा_पावना
शालीबद्दल शंभर टक्के सहमत.

ओपार_काट
तुम्ही डिसेंबरअखेर येताय तर एक इशारा. संक्रांतीची पतंगबाजी नागपुरात तेव्हाच सुरू झालेली असते. नायलॉन मांजावर २०१७ पासून बंदी आहे, तरी दरवर्षी गळे कापल्याच्या बातम्या येतात. भावाची दुचाकी घेऊन शहरात फिरणार असाल तर गळ्याला जाड दुपट्टा गुंडाळा, पोरांना पुढे उभं करू नका.

हडपसरचा_नागपूरकर
सगळ्यांचे आभार. बेत बदलला. तीन घरं, तीन मुक्काम. मधे नागपूर फक्त ओलांडायला. चौथा दिवस आरामाचा होता तो रद्द, आई म्हणते तिला आरामच आराम आहे पुण्यात.

पहिल्या दिवशी आई आणि मोठा पोरगा एसटीनं काटोल, आम्ही मागून गाडीत अंथरूण-पांघरूण घेऊन. मावशीकडे दुपारी चारच्या आत. नाटकाचं विचारलं, तिथून जवळच्याच गावात आहे, मावशी म्हणाली जागा धरून ठेवते. मित्राला लाईन विचारली तर तो आधी हसला आणि मग म्हणाला, तुला कोणी शिकवलं हे? रात्रपाळीचा आठवडा आहे. सोबत जाणार.

बायकोनं ताईंचा प्रतिसाद दोनदा वाचला. तिनं मामींना थेट फोन लावला, पाऊण तास बोलल्या. मी लावला असता तर दोन मिनिटांत "या, या" झालं असतं. तिला कळलं ते असं: मामींचा गुडघा दुखतो आणि त्या कोणाला सांगत नाहीत, आम्ही पोहोचतो त्या दिवशी वेचणीला बाया लागणार आहेत, त्यामुळे दुपारी घरी कोणी नसेल, किल्ली शेजारी.

नरखेडची_सून
मग घरी बसून वाट काऊन पाहता? किल्ली घ्या, सामान ठेवा अन् सरळ वावरात जा. जाताना बायाइसाठी चहाचा थर्मास भरून न्या. आईले धुऱ्यावर झाडाखाली खाट टाकून द्या, ती सगळ्याइची चौकशी करत बसते, तिचा वेळ मस्त जाते.

आंबिया_बहार
अन् पोराइले कापूस वेचाले लावा. बोंडाचे काटे टोचतात, लांब बाह्याचे शर्ट घाला. आधीच सांगून ठेवतो, वेचणीचा पैसा किलोवर असते. संध्याकाळी वजनकाटा लागला की तुमचं दहा वर्षाचं पोट्टं मामाले मजुरी मागीन. द्या लागते.